कोकणात क्राइम पिक्चर काढताय? मग एवढं कराच

परवा कोकणात घडणारा एक क्राइम पिक्चर पाहिला आणि पटलं, खलनायक लिहायला डोकं लागत नाही, ड्रोन लागतो. तेव्हा तुम्हालाही जमेल.

आधी वरून खाडी दाखवा, माड दाखवा, चिऱ्याचं घर दाखवा. मग साहेबांची, म्हणजे खलनायकाची एंट्री. पांढरे कपडे, चार अंगठ्या, मांडीवर मांजर. साहेबांचा धंदा काय ते ठरवत बसू नका. 'माल' उतरतो, बास.

माल जुलैतच उतरवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या, म्हणजे दर्यात तुमचा एकटाच ट्रॉलर आणि तो अख्ख्या बंदराला दिसणार. दिसू दे. पावसात शॉट भारी येतो.

गाव चिपळूणकडचं असलं तरी सगळ्यांना मालवणी बोलायला लावा.

इन्स्पेक्टर मध्यंतरापर्यंत हुशार ठेवा. टायरच्या खुणेवरून गाडी ओळखणारा, संशयिताच्या घरचं पाणीही न पिणारा. नंतर हाच माणूस एक फोन आल्यावर कुणाला न सांगता एकटा गोदामात शिरेल. इलाज नाही! साहेबांत त्याला अडकवण्याची कुवतच नाही, मग त्यालाच बावळट करावं लागतं. शेवटी नायकाला जिंकवायचं म्हणून साहेब बावळट होतात आणि वीस वर्षं तोंड न दाखवलेला माणूस स्वतः येऊन सगळा बेत सांगून टाकतो.

जमीन हडपायची असेल तर म्हातारा खुर्चीला बांधा, कानाला पिस्तूल लावा, स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवा. झाली जमीन साहेबांची! कशी झाली? खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला लागतं. तिथे देणाऱ्याचा फोटो निघतो, अंगठा मशीनवर घेतात, ओळख पटवायला माणसं लागतात. साहेब शेतकरी नसतील तर शेतजमीन त्यांच्या नावावर सहजी होतच नाही. त्या म्हाताऱ्याच्या सातबाऱ्यावर सतरा नावं असणार, निम्मी मुंबईत. एका अंगठ्याने काय होतंय? खरा डाव इथेच आहे आणि तो पिस्तुलाशिवाय चालतो. पैशाची नड असलेला एक सामाईकदार, म्हणजे जमिनीतला वाटेकरी, हेरायचा, त्याच्या घरी चार वेळा जायचं, आईच्या औषधांची चौकशी करायची, त्याचा अविभक्त, म्हणजे अजून वाटप न झालेला हिस्सा लिहून घ्यायचा. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोटीस गावच्या बंद घराच्या पत्त्यावर जाते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. गणपतीला माणसं येतात तेव्हा सातबाऱ्यावर परका माणूस बसलेला. मग तो वाटप मागतो, रस्ता अडवतो, आणि भाऊ भावाला विचारतो, 'तू सही केलीसच कशी?' एवढं होईस्तोवर त्या परक्याचा आवाजसुद्धा चढलेला नसतो. असा माणूस पडद्यावर ओटीवर येऊन 'काका, बरे आहात ना?' म्हणाला असता तर थेटर गार पडलं असतं. आणि तुम्ही मांजर दाखवता!

अहो पिक्चरवाले, तलाठ्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर दोन दिवस बसायला काय झालं होतं? ड्रोनच्या भाड्याहून स्वस्त पडलं असतं. शेवटच्या पाटीवर दुसऱ्या भागाची धमकी दिलीच आहे, तर ऐका. तुमच्या खलनायकाला नेमकं काय हवंय आणि ते मिळालं नाही तर तो कुठवर जाईल, हे लिहिल्याशिवाय शूटिंगची तारीख घेऊ नका. पहिल्या अर्ध्या तासात माणूस जसा दाखवलात तसाच शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर तो का बदलला ते दाखवा. तिकिटाचे पैसे पूर्ण घेता ना?