शोलाकिळी एक की तीन? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

शोलाकिळी या दक्षिणेतल्या डोंगरी पक्ष्याच्या एक नव्हे, तीन जाती आहेत, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप दोन. पोटाचा रंग जरा वेगळा दिसला की शास्त्रज्ञ नवी जात जाहीर करतात, ‘असे रंग तर गावोगावच्या कोंबड्यांचेही वेगळे असतात’, हा पहिला. आणि एका पक्ष्यापायी मी वाटलची (परदेशातून आणून लावलेली) झाडं तोडायला सांगतो, ‘झाड ते झाड’, हा दुसरा.

कोंबडी माणूस टोपलीत घालून या गावातून त्या गावाला नेतो. शोलाकिळीला कोण नेणार? शोला म्हणजे दक्षिणेतल्या उंच डोंगरांवर, गवताळ उतारांमधल्या घळींत आणि ओढ्याकाठी दाटलेलं बुटकं, शेवाळलेलं रान. चिमणीएवढा हा पक्षी त्या रानाच्या जमिनीलगतच सगळं आयुष्य काढतो. निलगिरी आणि अनामलै-पलनी या डोंगररांगांच्या मध्ये पालघाटची खिंड आहे, सुमारे ३० किलोमीटर रुंद, सखल आणि तापलेली. तिच्या उत्तरेला तांबूस कुशीचा निलगिरी शोलाकिळी, दक्षिणेला पांढऱ्या पोटाचा. आणखी खाली शेनकोट्टईची खिंड लागते, तिच्या पलीकडच्या अशांबू डोंगरात तिसरा.

नुसत्या रंगावरून हे ठरलेलं नाही. २०१७ साली पक्षीशास्त्रज्ञ व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकं, शरीराची मापं, पिसांचे रंग आणि गाणं, सगळं पडताळून ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली. शिवाय निलगिरीतला पक्षी जर्डन या ब्रिटिश अभ्यासकाने आणि पलनीतला ब्लॅनफर्ड या दुसऱ्याने १९व्या शतकातच वेगवेगळ्या नावांनी नोंदवला होता, पुढे त्यांना एकाच जातीत कोंबलं गेलं. (ब्लॅनफर्डला पलनीतले पक्षी पुरवणारे रेव्हरंड फेअरबँक आपल्या अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनचे. पलनीतल्या एका कस्तुराच्या शास्त्रीय नावात ते आजही आहेत. नगरच्या वाचकांना हे सांगताना मला फार आनंद होतो.)

पलनी डोंगरांतल्या कोडाइकनालला गावालगतच ‘बॉम्बे शोला’ आहे. तिथे पहाटे ओल्या पाचोळ्यात शोलाकिळी पाहिला तेव्हा आधी फक्त पान हललं. मग राखी-निळी पाठ दिसली, दोन उड्या, पान उलटून किडा उचलला, पुन्हा अंधारात. दिसेनासा झाल्यावर गाणं सुरू झालं: शीळ, मध्येच खरखर, पुन्हा शीळ, बराच वेळ. या गाण्यांवरच्या २०१६च्या अभ्यासात दिसलं, की खिंडींनी फार पूर्वी वेगळे पाडलेले पक्षी वेगळं गातातच, पण अलीकडच्या जंगलतोडीने तुटलेल्या तुकड्यांमधल्या पक्ष्यांच्या गाण्यातही फरक पडलाय. खिंड निसर्गाने केली, सर. हे तुकडे आपण पाडले, चहाचे मळे, निलगिरीची झाडं आणि वाटल लावून. म्हणून ‘झाड ते झाड’ मला पटत नाही. काळा वाटल ऑस्ट्रेलियाचा, सालीतल्या, कातडी कमावायला लागणाऱ्या टॅनिनसाठी आणलेला, आणि लावला तो बहुतेक गवताळ माळांवर. तो माळ ओसाड नव्हता, तेच त्या डोंगराचं मूळ रूप होतं.

पण एका मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. ‘वाटल काढून टाका’ असं मी सरसकट लिहायला नको होतं. पलनीत जुन्या लागवडीच्या सावलीत शोलाची रोपं उगवून आलीत. तिथे एकदम तोड केली तर ती मरतील, आणि मातीत वर्षानुवर्षं टिकलेलं वाटलचं बी ऊन लागताच दाट फुटेल. जिथे वाटल अजून कोवळा आहे आणि गवत शिल्लक आहे, तिथे आधी हात घालायला हवा. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललंय, खाली दुरुस्तीची तारीखही टाकली आहे. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. तीन म्हणजे तीनच.