‘रेयांश’ प्राचीन संस्कृत नाव आहे का?

‘रेयांश हे प्राचीन संस्कृत नाव असून त्याचा अर्थ सूर्यकिरणाचा अंश असा आहे, ते विष्णूचेही नाव आहे आणि म्हणूनच मुलाला शुभ ठरते,’ असा मजकूर बाळाच्या नावांच्या याद्यांतून सर्रास फिरतो. नाव कानाला गोड लागते, याविषयी वाद नाही. आक्षेप आहे तो त्याला चिकटवलेल्या दाव्यांवर.

किरणासाठी संस्कृतात रश्मी, मयूख, मरीची असे शब्द आहेत, ‘रे’ नाही. तो इंग्रजीतला ‘रे’ असावा. ‘रवि’ आणि ‘अंश’ यांचा संधी ‘रव्यंश’ होतो, आणि धनवाचक ‘रै’ घेतला तर ‘रायंश’. देवांश, दिव्यांश या नावांत पहिले पद अकारान्त असल्यामुळे ‘आ’ येतो. पुढे हे ‘आंश’ सुटे काढून कशालाही जोडण्याची चाल पडली आणि अयांश, विवांश अशी नावे निघाली. रेयांशचे मूळ मात्र, माझ्या तर्कानुसार, ‘श्रेयांस’ या जुन्या नावात असावे. श्रेयांसनाथ हे जैनांचे 11वे तीर्थंकर. त्या नावाच्या शेवटी दन्त्य ‘स’ आहे, कारण ते ‘श्रेयस्’ शब्दाच्या ‘श्रेयांसम्’सारख्या रूपांशी जुळते, आणि ‘अंश’ त्यात मुळीच नाही. लोकांनी त्याचे ‘श्रेयांश’ केले, आणि मग आरंभीचा ‘श’ही गळाला असावा.

विष्णूचा दावा त्याहून लवकर निकालात निघतो: महाभारताच्या अनुशासनपर्वातील विष्णुसहस्रनामात ‘श्रेयः’ आहे, ‘रेयांश’ नाही.

राहिला शुभाचा मुद्दा. पारस्कर गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचे नियम सांगणारा प्राचीन ग्रंथ मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे ठेवायला सांगते, म्हणजे शास्त्रच काढायचे तर तीन अक्षरांचा रेयांश पहिल्याच अटीवर अडतो. शिवाय पोर जगावे म्हणून त्याला दगडू, धोंडू, भिकू म्हणणाऱ्या समाजाने शुभ अर्थाची अट कधी इतकी ताणली नव्हती.

मग हे नाव इतके आवडते का? जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे पहिले अक्षर ठरवण्याची रीत आहे, आणि स्वाती नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे रु, रे, रो, ता अशी आहेत. दुसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलीसाठी रेवती, रेणुका, रेवा अशी नावे हाताशी असतात; मुलासाठी मात्र रेवणनाथ किंवा रेवणसिद्ध यांच्यापलीकडे फारसे काही सुचत नाही, आणि ती आजच्या आईवडिलांना जुनी वाटतात. अशा घरात ‘रेयांश’ ही खरी सोय आहे. ती सोय म्हणूनच सांगावी. बारशाच्या पत्रिकेवर सूर्यकिरण छापण्याचे कारण नाही.