‘आनंद निवडा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री ताईने मला एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला. खाली तिची एकच ओळ होती, ‘म्हणजे माझंच चुकतंय ना?’ मी उत्तर लिहीपर्यंत दुसरी आली, ‘गोळ्या बंद करून 21 दिवस हेच करून बघू का?’

ताईला दीड वर्षापासून नैराश्याचा आजार आहे. उपचारांनी आता कुठे तिला नीट झोप लागते. हा फॉरवर्ड काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला होता, तोही तिला बरं वाटावं म्हणून. त्यात लिहिलंय ते असं: माणूस दिवसाला 35,000 निर्णय घेतो. आनंदाचा 40 टक्के भाग आपल्या हातात असतो, परिस्थितीचा वाटा फक्त 10 टक्के. 21 दिवस रोज छोटे चांगले निर्णय घ्या, आनंदाची सवय लागेल, पण एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘दुःखी माणसं रोज सकाळी दुःखच निवडतात.’

35,000चं काय ते आधी उरकते. आपण 16 तास जागे असतो असं धरलं, तर होतात 57,600 सेकंद. म्हणजे पावणेदोन सेकंद पुरे व्हायच्या आत पुढचा निर्णय! कुणी मोजले, कसे मोजले, याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

21 दिवसांचं मूळ मात्र सापडतं. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळून पडलं आणि चेहराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या साध्या सवयींवर 12 आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ, त्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार, 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला; मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. बाविसाव्या दिवशी ताई स्वतःला नापास ठरवून मोकळी झाली असती, ती या खोट्या मुदतीपायी.

आता ते 40 टक्के. सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड या संशोधकांच्या 2005च्या लेखातून ते आले. पण तिथले टक्के एका माणसाच्या आनंदाचे नव्हतेच. अनेक माणसांत कुणी जास्त आनंदी, कुणी कमी असतं. तो फरक कशामुळे पडतो, याची ती अंदाजे वाटणी होती. आनुवंशिकतेला 50, परिस्थितीला 10 आणि उरलेले 40 माणसाच्या कृतींच्या खात्यात. ज्या समूहात बहुतेकांची परिस्थिती बरी आहे, तिथे परिस्थितीमुळे पडणारा फरक थोडाच दिसणार. उद्या त्यातल्या एकाचं मूल गेलं, तर त्याचं दुःख 10 टक्क्यांत मावेल का? या वाटणीवर पुढे रीतसर टीका झाली आणि ल्युबोमिर्स्की आणि शेल्डन यांनी त्यातले बरेच मुद्दे मान्य केले. ते कुणी फॉरवर्ड केलं नाही.

आणि ती शेवटची ओळ. तिचा मला खरा राग आहे. निर्णय घेता न येणं हे नैराश्याच्या निदानात धरलं जाणारं एक लक्षण आहे. गेल्या वर्षी ताई उघड्या कपाटासमोर वीस मिनिटं उभी होती. कुठला सदरा घालायचा, ते तिला ठरवता येईना, आणि ते ठरवता येत नाही म्हणून ती रडत होती. आजाराने जे हिरावून घेतलंय, तेच तिने वापरलं नाही म्हणून हा मेसेज तिला दोषी धरतो. वर तिच्या मनात गोळ्या सोडायचा विचार घालतो. त्या गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते आणि आजार उलटू शकतो. त्या कधी आणि कशा कमी करायच्या, हे डॉक्टरांसोबतच ठरवावं लागतं.

एक गोष्ट मान्य करावी लागते. छोट्या कृतींनी फरक पडतो, ल्युबोमिर्स्की आणि शेल्डन यांचा तो मुद्दा टिकून आहे. नैराश्यावरच्या एका उपचारपद्धतीचा तर तोच पाया आहे. मन तयार व्हायची वाट न बघता एखादं छोटं काम आधी ठरवून करायचं, मग मनःस्थिती हळूहळू मागून येते. ताईचं सकाळचं दहा मिनिटांचं चालणं असंच सुरू झालं. पण ते काम समुपदेशकांनी तिच्यासोबत बसून, तिला झेपेल एवढंच ठरवलं होतं. जमलं नाही त्या आठवड्यात त्यांनी दहाची पाच मिनिटं केली. ‘तू दुःख निवडलंस’ असं तिला कुणी म्हटलं नाही.

ताईशी तासभर बोलले. तिने गोळ्या सोडलेल्या नाहीत. मग काकांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, लगेच मेसेज काढून टाकला. पण तोवर आमच्याच घरातून तो आणखी तीन ग्रुपवर गेला होता, म्हणून हे लिहिलं. तिथेही हे पाठवते आहे.