वार्षिक अंकात छापून यायचंय? मग एवढं कराच

कॉलेजच्या वार्षिक अंकात आपलं नाव यावं असं वाटतंय ना? आमचा अंक परवाच हातात पडला. गुळगुळीत कागद, वजनाला भक्कम. राग ताजा आहे तोवर चार युक्त्या सांगून टाकते.

समीक्षा लिहिणार असाल तर पहिलं वाक्य 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हेच. पुस्तक वाचायच्या भानगडीत पडू नका.

कविता आई, पाऊस किंवा शेतकरी यांवरच करा. पाऊसही रिमझिम हवा. निफाडच्या द्राक्षबागा झोपवणारा अवकाळी आणलात की 'सूर नकारात्मक आहे' असा शेरा येतो. मुक्तछंद तर नकोच, डीटीपीवाला ओळीला ओळ जोडून टाकतो. माझ्या मैत्रिणीची कविता आता अनुक्रमणिकेत 'ललित' विभागात आहे.

कुसुमाग्रजांवर बिनधास्त लिहा. नाशिकचे, ज्ञानपीठवाले, २७ फेब्रुवारीला फोटोला हार आणि 'कणा'चं पाठांतर. फक्त १९४२च्या 'विशाखा'मधल्या संतापाबद्दल बोलू नका.

दलित साहित्यातले कथाकार बाबुराव बागुलांवर मात्र अजिबात लिहू नका. मी लिहिलं. 'जेव्हा मी जात चोरली होती' हे १९६३चं पुस्तक सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलं, शीर्षककथा पुन्हा पुन्हा वाचली. रेल्वेत कामाला लागलेला तरुण जात लपवतो, ती उघडी पडते आणि त्याला मार बसतो, एवढं कोणीही सांगेल. मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मारणारे कोणी ठरीव खलनायक नाहीत, कालपर्यंत त्याचं कौतुक करणारी माणसं आहेत. बागूल त्यांना आधी प्रेमळ का दाखवतात, या एका प्रश्नावर मी पाच पानं लिहिली. संपादक मंडळातल्या सरांनी बोलावून घेतलं. "बेटा, छान आहे. पण नॅकची समिती यायची आहे, जरा सौम्य कर." नॅक म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था. मी म्हटलं, सर, कथा सौम्य नाहीये. ते हसले. अंकात माझ्या नावाखाली अर्धं पान आलंय: बागुलांचा जन्म १९३०, गाव विहितगाव, निधन २००८, 'ते थोर साहित्यिक होते'. हे शेवटचं वाक्य माझं नाही. आरशाचं पहिलं वाक्यही माझं नाही, तेही वरून डकवलंय. उरलेल्या अर्ध्या पानावर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या वाढदिवसाचा केक!

विहितगाव कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर आहे हो! आपल्याच गावच्या माणसानं साठेक वर्षांपूर्वी लिहिलेली कथा आजच्या बी.ए.च्या पोरांना झेपणार नाही, हे ठरवलं कोणी?

चॅटजीपीटीकडून लिहून घ्या. छापतात.

प्रूफ मागू नका. 'आधी विश्वास ठेवायला शिका' असं ऐकावं लागतं.

नाही, आता युक्त्या पुरे. सर, तुम्हीच वर्गात सांगता की मुलं वाचत नाहीत. एक वाचून आली, तिचं तुम्ही काय केलंत? संपादकीयात 'नवोदितांच्या प्रतिभेला व्यासपीठ' लिहिताना हात अडखळला नाही? विद्यार्थी संपादक म्हणून ज्याचा सूटमधला फोटो छापलाय, त्याला एकही लेख दाखवलेला नाही, हे त्यानंच मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. आणि तोही गप्प बसला. लाज तुम्हालाही वाटायला हवी आणि त्यालाही. माझा मुद्दा चुकीचा असेल तर समासात लाल पेनानं तसं लिहायचं होतं, मी भांडले असते, पुन्हा लिहिलं असतं. लेख नाकारला असतात तरी चाललं असतं. पण न लिहिलेलं माझ्या नावावर छापायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

प्रवेशाच्या पावतीवर नियतकालिक शुल्क आमच्याकडून घेतलं जातं. केकचे फोटो ज्याचे त्यानं स्वतःच्या खर्चानं छापावेत. आणि माझी पाच हस्तलिखित पानं सोमवारी विभागात ठेवा, मी न्यायला येते.