साक्ष फक्त झालेल्या कामांचीच का?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उपासनेनंतर साक्षीला वेळ असतो. देवाने आपल्यासाठी काय केलं ते माईकवर सगळ्यांना सांगायचं. नोकरी लागली, व्हिसा आला, ऑपरेशन नीट पार पडलं, मुलीचं जमलं. सगळे 'प्रभूची स्तुती असो' म्हणतात. मीही म्हणते, अगदी मनापासून. पण ज्याचं अजून काहीच झालेलं नाही असा माणूस माईकपाशी गेलेला मी कधी पाहिला नाही. तो मागच्या बाकावर बसतो आणि हळूहळू यायचाच बंद होतो. मग तरुण संघाच्या बैठकीत विषय निघतो की आजची पिढी मोबाईलमुळे देवापासून दूर चालली आहे.

मोबाईल! मी गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, कंत्राटावर. शिफ्ट फिरती, त्यामुळे बरेच रविवार ड्युटीतच जातात. कॅथलिक मैत्रिणी शनिवारी संध्याकाळच्या मिसाला (त्यांच्या उपासनेला) जाऊन येतात, आमच्या छोट्या मराठी मंडळीत मात्र रविवार सकाळची एकच उपासना. (ही एक गोष्ट त्यांच्याकडून उचलावी असं माझं जुनं मत आहे, पण ते राहू दे.) पगारातून खोलीचं भाडं, मिरजेला घरी पैसे, चर्चला दशांश (कमाईचा दहावा भाग), आणि मग महिना कसा काढायचा ते बघायचं. त्यात मावश्यांचं 'लग्नाचं कुठवर आलं?' सुरूच. मुलगा विश्वासणारा हवा, आपल्याच मिशनचा हवा, वर कायम नोकरीवाला हवा. कायम नोकरी आता कोणाला मिळते, मावशी?

लॅबमधली एक मैत्रीण सासष्टीची. आजोबा 1961च्या आधी, गोवा पोर्तुगालच्या ताब्यात असताना इथे जन्मलेले, म्हणून घरात पोर्तुगीज पासपोर्टची कागदपत्रं चालू आहेत. मोठा भाऊ त्याच पासपोर्टवर इंग्लंडला गेला. पण ब्रेक्झिट झालं, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, आणि 2021पासून नव्याने जाणाऱ्यांना तिथं कामासाठी वेगळा व्हिसा लागतो. म्हणजे कागद हातात येईपर्यंत रस्ताच बदलला. 3 डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधी जुन्या गोव्यात नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना असते, तिला ही मैत्रीण दरवर्षी जाते. मागे एकदा कँटीनमध्ये म्हणाली, "सायबाक म्हजो उगडास आसा काय ना, कोण जाणा." (देवाला माझी आठवण आहे की नाही, कोण जाणे.) आणि लगेच खुरीस काढला, म्हणजे हाताने क्रूसाची खूण केली, जणू काही पापच बोलून गेली.

मला ते पाप वाटत नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र दाविदाचं. सुरुवातीलाच 'कुठवर?' हा एकच प्रश्न तो देवाला चार वेळा विचारतो. निदान त्याचा शेवट तरी गाण्याने होतो. 88वं काढून वाचा, ते अंधारावरच संपतं. पुढे दिलासा नाही, काही नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. आणि प्रेषित पौल? शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर आलं, आणि ते त्याने करिंथच्या मंडळीला पत्रात जसंच्या तसं कळवलं. आमच्याकडे उभा राहिला असता तर कोणीतरी नक्की म्हणालं असतं, 'भाऊ, विश्वास कमी पडतोय.'

हे वाक्य ऐकून चर्च सोडलेले तरुण मला माहीत आहेत. मोबाईलमुळे सोडलेला अजून एकही भेटलेला नाही. प्रार्थना केली की काम होतं असं शिकवलं, तर ज्याचं काम होत नाही त्याला दोनच वाटा उरतात. एक तर आपल्यातच खोट आहे, नाहीतर देवच नाही. पंचविशीतल्या पोराला हा हिशेब फार महागात पडतो.

पाळकसाहेबांना म्हटलं, साक्षीच्या वेळी एखादं नाव अडकलेल्यांचंही घ्या. उपदेश नको, सल्ला नको, नुसतं ऐकून घ्या आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करा. कोणाला पीएफचा फॉर्म, भाडेकरार यातलं कळत असेल तर उपासनेनंतर चहाला त्याने अशांशेजारी बसावं. 'नाताळनंतर बघू' म्हणाले. तोवर ज्यांचं काहीच झालेलं नाही, त्यांनी इथे खाली लिहा. बाकीच्यांनी कृपया नुसतं 'आमेन' टाकून पुढे जाऊ नका.