उभ्या जनावरावर गोळी झाडण्यात कसला कस?

कोल्हापूरकडे गव्यांचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी अमेरिकेचा दाखला देतं : तिकडे परवाना काढून बायसन, म्हणजे तिकडचे गव्यासारखे रानबैल, मारतात, शेतीही वाचते आणि शिकाऱ्याचा कसही लागतो. मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेला राहते. म्हणून त्या 'कस लागतो'बद्दल बोलायलाच हवं.

हिवाळ्यात बर्फ साचलं की बायसनचे कळप चाऱ्यासाठी उद्यानातून गार्डिनरच्या खोऱ्यात उतरतात. हद्द ओलांडली की समोर बंदुका. बीटी गल्च नावाची जागा तर रस्त्याला आणि घरांना लागूनच आहे. २०२२-२३च्या कडक हिवाळ्यात शिकाऱ्यांनी हजारावर बायसन मारले. एक जनावर कोसळलं की बाकीचे पळत नाहीत. जवळ येतात, हुंगतात, शिंगांनी ढोसून उठवू पाहतात. लांडग्यांपुढे पाय रोवून, एकजुटीने उभं राहणं हेच त्यांचं बळ. बंदुकीपुढे तेच जिवावर उठतं. १८७०च्या दशकात चामड्याचे व्यापारी एका जागी बसून अख्खा कळप आडवा करत, ते याच स्वभावामुळे. कोट्यवधींचे काहीशे उरले.

सगळीकडे असंच असतं असं नाही. २०२१मध्ये ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावर बायसन कमी करायला १२ स्वयंसेवक हवे होते, अर्ज आले ४५ हजारांवर. उंचावरचं जंगल, गाडी न्यायची नाही, मांस पाठीवर वाहायचं. शेवटी मारले गेले फक्त चार. तिथे कस लागला खरा, पण तो डोंगराने पाहिला. नऊशे किलोचा नर थंडीत सोलायचा, हात बधिर होईस्तोवर मांस कापायचं, हेही कष्टाचंच. पण ते गोळीनंतरचं.

नेझ पर्स, सॅलिश-कूटेनाई या आदिवासींना १८५५च्या करारांनी शिकारीचा हक्क राखून ठेवला आहे. ते घरच्या मांसासाठी येतात. आव्हान होतं का, हा प्रश्न त्यांना विचारणंच चूक. गार्डिनरकडे शिकारीची जागा एवढी चिंचोळी झाली ती ब्रुसेलोसिसच्या धास्तीने. हा रोग गुरांना लागेल म्हणून मोंटाना बायसनना फार पुढे जाऊ देत नाही.

आता आपले गवे. राधानगरी-दाजीपूरच्या आसपास रात्रीतून ऊस-भात तुडवला जातो, शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि भरपाईसाठी त्याला हेलपाटे घालावे लागू नयेत. पण बॅटरीच्या झोतात फडाच्या कडेला उभा गवा म्हणजे दुसरं बीटी गल्चच. डिसेंबर २०२०मध्ये पुण्यात कोथरूडला आलेला गवा माणसांच्या गर्दीने आणि पाठलागाने दमला आणि बेशुद्ध करून पकडल्यावर मेला, बंदुकीची गोळीसुद्धा लागली नाही. एखादा गवा माणसांच्या जिवावर उठला, तर त्याचा बंदोबस्त वनखात्याने करावा, तोही, कायदा सांगतो तसं, बेशुद्ध करून हलवणं अशक्य ठरल्यावरच. हौशी शिकाऱ्याला परवाना देऊ नये, कितीही पैसे मोजले तरी.