नॅनो झालं म्हणजे मिसळलं, असं नाही

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक दावा सर्रास फिरतो. दोन धातूंचे क्षार एका भांड्यात घ्या, वर सोडियम बोरोहायड्राइड (क्षारातून धातू मोकळा करणारं रसायन) ओता, की मिश्रधातूचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश मापात मोजायचे कण, तयार. कारण काय, तर नॅनो आकारात कुठलाही धातू कुठल्याही धातूत मिसळतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, प्रत्येक धातूला वेगळा रंग देणाऱ्या नकाशात दोन रंग एकावर एक दिसले की पुरावा झाला, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही. यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

'कुठलाही धातू कुठल्याही धातूत' हे आधी बघू. उदाहरण हमखास सोन्या-चांदीचं दिलं जातं. पण या जोडीची सोयरीक मुळातच जमलेली आहे. स्फटिकाच्या एककाची बाजू सोन्यात ४.०८ आणि चांदीत ४.०९ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग), त्यामुळे मोठ्या तुकड्यातही हे धातू हव्या त्या प्रमाणात मिसळतात. ब्रिटिश म्युझियममधल्या चौथ्या शतकातल्या लिकर्गस चषकाच्या काचेत सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचे नॅनोकण आहेत. रोमन कारागिरांना बोरोहायड्राइड लागलं नव्हतं!

आता चांदी आणि निकेल घ्या. हे दोन धातू वितळलेल्या अवस्थेतही वेगळे राहतात. चांदीचा अणू मोठा आणि तिची पृष्ठऊर्जा (पृष्ठभाग उघडा ठेवायला लागणारी ऊर्जा) निकेलच्या साधारण निम्मी, म्हणून चांदी बाहेर राहिली तरच कणाची एकूण ऊर्जा कमी होते. ती कवच बनते, निकेल गाभा. कण लहान झाल्याने पृष्ठभागाचं महत्त्व उलट वाढतं: थर पूर्ण भरलेल्या १४७ अणूंच्या कणात ९२ अणू पृष्ठभागावरच असतात.

दाव्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. सोनं आणि प्लॅटिनम मोठ्या तुकड्यात कमी तापमानाला वेगळे होऊ पाहतात, पण काही नॅनोमीटरच्या कणांत ते एकजीव मिळाले आहेत. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने कार्बनच्या धाग्यांवर सुमारे २००० केल्विनचा ५५ मिलिसेकंदांचा विजेचा झटका देऊन आठ धातू एकाच कणात बसवले. मात्र त्यात झटपट थंड होण्याचा वाटा मोठा होता. अणूंना वेगळं व्हायला वेळच मिळाला नाही.

भांड्यातल्या कृतीकडे वळू. क्लोरोऑरिक आम्लात (सोन्याच्या संयुगात) सिल्व्हर नायट्रेट टाकलं की बऱ्याचदा पांढरट गढूळपणा येतो. ते सिल्व्हर क्लोराइड. द्रावण बरंच विरळ नसेल, तर चांदी बोरोहायड्राइड येण्याआधीच साक्याच्या रूपात बाहेर पडते. शिवाय सोन्याचं क्षपण (संयुगातून धातू मोकळा होणं) चांदीपेक्षा सोपं असतं. क्षपणकारक सौम्य असला तर सोनं आधी कण धरतं आणि चांदी त्यावर चढते. तयार चांदीच्या कणांवर सोन्याचा क्षार ओतला, तर सोन्याच्या एका अणूमागे चांदीचे तीन अणू विरघळून कण पोकळही होतो. भांडं एकच असलं तरी क्रम आणि वेग यांवर आत काय घडतं ते ठरतं.

रंगीत नकाशाचा पुरावा तर मला सर्वांत फसवा वाटतो. नकाशा ही सपाट सावली असते. गाभा-कवच कणाच्या मधोमध इलेक्ट्रॉन शलाका वरचं कवच, गाभा आणि खालचं कवच या तिन्हींतून जाते, म्हणून तिथे दोन्ही रंग दिसणारच. बघायची ती कड. तिथे एकच धातू उरत असेल, तर तो कवचाचा. प्रकाश-शोषणाची जोड द्यावी: चांदीचे सुटे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपास शोषतात, सोन्याचे ५२० च्या आसपास, आणि मिश्रधातूचं शिखर मध्ये एकच येतं. तेवढ्यावरही निकाल देऊ नये, पातळ कवच असलं तरी कधीकधी एकच शिखर दिसतं.

राहिला 'कायमचं मिसळलं' हा मुद्दा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले रसायनशास्त्रज्ञ गाबोर सोमोरजाय यांच्या गटाने २००८ मध्ये रोडियम-पॅलेडियमचे कण ३०० अंश सेल्सिअसला वायूंत ठेवून तपासले. नायट्रिक ऑक्साइडमध्ये रोडियम पृष्ठभागाकडे गर्दी करत होतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडताच पॅलेडियम वर आलं, आणि वायू बदलला की पुन्हा उलट. त्याच अभ्यासात प्लॅटिनम-पॅलेडियमच्या कणांनी मात्र फारशी हालचाल केली नाही.